पाचशे रुपयांची सही आणि तुमचं स्वतःचं लायसन

वाचकाचं पत्र: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला. २०१८ ला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड पास झालो. तेव्हापासून गावात आणि आजूबाजूच्या पाच-सहा खेड्यांत घरांची वायरिंग करतो, विहिरीवर आणि बोअरवर मोटरी बसवतो, स्टार्टर दुरुस्त करतो. हाताखाली दोन पोरं आहेत. आता ग्रामपंचायतीचे पथदिवे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेची वायरिंग अशी कामं निघाली आहेत, पण लायसन नाही म्हणून मला कोणी विचारत नाही. घरगुती मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा सहीचा दाखला, लागतो, तर तालुक्याचा एक ठेकेदार म्हणतो, “काम तू कर, सही मी देतो, एका सहीचे पाचशे.” दुसरा एक एजंट पस्तीस हजारात सगळं लायसन घरपोच आणून देतो म्हणतो. आयटीआय झालो म्हणजे मी पात्र आहे ना? मग लायसन माझ्या नावानं कसं निघल, आणि तोवर ही सही घ्यावी का?

भाऊ,

सही घेऊ नका आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. तुमचं लायसन तुमच्याच नावानं निघेल. मात्र आज ज्याला तुम्ही “लायसन” म्हणता ते एक नसून तीन वेगवेगळे कागद आहेत. ते टप्प्याटप्प्यानं मिळवायचे असतात, आणि पहिल्याच कागदाला तुम्ही सात-आठ वर्षं उशीर केला आहे.

कायद्यात हे तीन कागद एकाच वाक्यात आले आहेत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो नियम ४५ होता. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत तो विनियम २९ झाला, आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही त्याचा गाभा तोच आहे. ग्राहकाच्या जागेत विजेचं काम राज्य शासनाची अनुज्ञप्ती (लायसन) असलेल्या ठेकेदारानंच घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकानं त्यावर प्रत्यक्ष देखरेख ठेवायची, आणि परवाना असलेल्या तारतंत्र्यानं ते हातानं करायचं. ठेकेदार, सुपरवायझर, वायरमन. तिघांपैकी एक जरी नसला तरी काम बेकायदा. सूट आहे ती बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलण्याला, आणि तीही त्या बदलानं वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. तीन फेजची मोटर, नवा बोर्ड, वाढीव पॉवर पॉइंट यांतलं काहीच या सुटीत बसत नाही. म्हणजे आज तुम्ही करता त्यातलं बहुतेक काम परवान्याचं आहे.

आयटीआयचं प्रमाणपत्र हे शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, काम करण्याचा परवाना नाही. ही गफलत खेड्यापाड्यात फार मुलांची होते. प्रमाणपत्र पेटीत ठेवतात आणि परमिट काढायचं राहून जातं.

म्हणून सुरुवात वायरमन परमिटपासून करा. आपल्याकडे त्याला अजूनही “पीडब्ल्यूडीचं लायसन” म्हणतात, कारण विद्युत निरीक्षणाचा विभाग पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होता. आता तो उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाखाली येतो, आणि तिन्ही कागद अनुज्ञापक मंडळ देतं. मंडळ मुंबईत असलं तरी मुंबईला जायची गरज नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि काही अडलं तर यवतमाळच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन विचारायचं. एनसीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं प्रमाणपत्र असणाऱ्याला तारतंत्रीची परीक्षा द्यावी लागत नाही, त्या आधारावर परमिट मिळतं. परीक्षा असते ती आयटीआय न करता हाताखाली काम शिकलेल्यांसाठी. तुमच्याकडच्या दोन पोरांनी आयटीआय केलं नसेल तर त्यांचा रस्ता तो आहे, त्यांनाही आतापासून तयारीला लावा.

अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा क्षुल्लक कारणांनी. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. अर्ज भरण्याआधी ही तिन्ही कागदं शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा. आयटीआयच्या प्रमाणपत्रातली चूक संस्थेत जाऊन दुरुस्त होते, पण तिला वेळ लागतो, म्हणून ती आजच सुरू करा. नुसती गुणपत्रिका जोडून चालत नाही, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र जोडावं लागतं. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर तिचंही प्रमाणपत्र जोडा, पुढच्या टप्प्यावर ते कामी येतं. स्कॅन केलेल्या फाइलवर शिक्का वाचता आला पाहिजे. मोबाइलनं खाटेवर ठेवून काढलेला तिरका फोटो अर्ज परत यायला पुरेसा असतो.

दुसरा कागद सुपरवायझरचा. त्याचे दोन रस्ते आहेत. विद्युत अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी असणाऱ्याला अनुभवाच्या आधारावर परीक्षेविना प्रमाणपत्र मिळू शकतं. तुमच्यासारख्या आयटीआयवाल्याला पर्यवेक्षकाची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यासाठी ठरावीक वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तो अनुभव लायसनधारक ठेकेदारानं आपल्या लेटरहेडवर, आपला अनुज्ञप्ती क्रमांक टाकून लिहून द्यायचा असतो. त्यात कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या जागी, किती व्होल्टेजच्या आणि कुठल्या प्रकारच्या कामावर होता हे स्पष्ट असावं. “सदर इसम माझ्याकडे कामाला होता, वर्तन चांगले” एवढ्यावर काही होत नाही. तुमची गेली सात-आठ वर्षं गावात गेली, पण त्यांचा असा कागद कोणाकडे नाही. याचंच मला वाईट वाटतं. म्हणून परमिट हातात पडल्याच्या दिवसापासून डायरी ठेवा: तारीख, जागा, कामाचा भार, काय मोजलं, आकडा काय आला.

परीक्षेत विचारतात ते तुम्ही रोज करताच, फक्त त्यामागचं गणित मागतात. एका उपमंडलावर (सब-सर्किटवर) दिवे-पंख्यांचे दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार का नको, एका पॉवर सर्किटवर १६ अ‍ॅम्पिअरचे दोनच सॉकेट का, न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा स्विच का चालत नाही, ५ एचपी मोटरचा पूर्ण भाराचा करंट किती. हा शेवटचा आकडा तीन फेजवर साधारण साडेसात अ‍ॅम्पिअर येतो, आणि ओव्हरलोड रिले तिथेच लावायचा असतो. शेतावर तो १२ वर सरकवलेला दिसतो, “वारंवार पडते” म्हणून. मग एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर मोटर हुं-हुं करत राहते आणि रिले पडायच्या आत वाइंडिंग जळतं. हे तुम्ही डोळ्यानं पाहिलं असेल. परीक्षेत त्याचं कारण लिहायचं असतं.

तिसरा कागद ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: ठेकेदार होण्यासाठी तुम्ही स्वतः सुपरवायझर असलंच पाहिजे असं नाही. प्रमाणपत्रधारक सुपरवायझर आणि परमिटधारक वायरमन पगारावर ठेवूनही अर्ज करता येतो. पण तो सुपरवायझर पूर्णवेळ तुमच्याकडेच हवा. दुसऱ्या ठेकेदाराकडे ज्याचं नाव लागलेलं आहे तो चालत नाही, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. नेमणूकपत्रावर सही घेण्याआधी त्याला जुन्या मालकाकडचं कार्यमुक्तीचं पत्र मागा. त्यानं नोकरी सोडली की मंडळाला कळवून दुसरा नेमावा लागतो, तोवर नवं काम घेता येत नाही. एका माणसाच्या जाण्यानं सगळा धंदा बंद पडू नये असं वाटत असेल तर तुम्ही स्वतः सुपरवायझरची परीक्षा पास होणं हाच टिकाऊ उपाय. घाई असेल तर पगारी सुपरवायझर ठेवून सुरुवात करा, पण अभ्यास सोडू नका.

बाकी कागदपत्रं साधी आहेत: कार्यालयाच्या जागेचा पुरावा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा भाडेकरार, मालकीची फर्म की भागीदारी त्याचे कागद, पॅन, आर्थिक पत, कर्मचाऱ्यांची नेमणूकपत्रं आणि त्यांच्या परवान्यांच्या प्रती. फी आणि यादी वेळोवेळी बदलते, म्हणून शेजाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी काय भरलं यावर न जाता अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जी यादी दिसेल ती छापून घ्या आणि एकेका ओळीवर खूण करत भरा.

पैसा जातो तो उपकरणांत. ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे तारेच्या आवरणातून गळती आहे का ते मोजणारा, ज्याला आपण मेगर म्हणतो, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर. बिलं तुमच्या फर्मच्या नावानं असावीत आणि कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मुदतीतलं असावं. प्रमाणपत्रावरचा सिरियल नंबर आणि मीटरच्या पाठीवरचा नंबर एकच आहे का हे दुकानातच बघा. नंबर जुळला नाही तर उपकरण नाहीच असं धरलं जातं. स्वस्तातला मेगर घेऊ नका: बटण दाबल्यावर खरोखर ५०० व्होल्ट उभे राहत नसतील तर तो ओल्या वायरिंगलाही “चांगली” म्हणतो, आणि त्या आकड्याखाली सही तुमची असते.

आता त्या पाचशेच्या सहीकडे येतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

महावितरणच्या नव्या जोडणीच्या ए-१ अर्जासोबत जो टेस्ट रिपोर्ट जातो, त्यावर सही करणारा एकच गोष्ट सांगत असतो: “ही वायरिंग मी तपासली, आणि ती वीज द्यायला सुरक्षित आहे.” न बघता केलेली सही म्हणजे खोटा दाखला. उद्या त्या घरात कोणाला शॉक लागला तर विद्युत निरीक्षक पहिल्यांदा तो रिपोर्ट मागतो. ठेकेदार म्हणणार, “वायरिंग मी केली नाही,” आणि ज्यानं केली त्याच्याकडे परवाना नाही. पाचशे रुपये देऊन तुम्ही संरक्षण विकत घेत नाही, उलट सगळ्यांच्या बोटासमोर उभे राहता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या घरात कोणी मोजलेलंच नसतं.

खरा टेस्ट रिपोर्ट असा होतो. मेन बंद. न्यूट्रलची लिंक सोडवा. सगळे बल्ब काढा, एलईडी, इन्व्हर्टर, टीव्ही, फ्रीज सोडवून ठेवा, कारण ५०० व्होल्टनं इलेक्ट्रॉनिक वस्तू जळतात आणि त्या लागलेल्या असतील तर आकडाही खोटा येतो. सगळे स्विच चालू करा. मग प्रत्येक चालत्या तारेचा अर्थशी एक मिनिटभर मेगर लावा. आकडा किमान १ मेगओहम यायला हवा. नव्या कोरड्या वायरिंगमध्ये तो कितीतरी पट जास्त येतो. जेमतेम दीड-दोन आला तर पास म्हणून सही करू नका, सर्किट एकेक सोडवत कारण शोधा. आपल्याकडे ते बहुधा एकाच जागी सापडतं: मातीच्या भिंतीत पाइपविना पुरलेली तार, किंवा कवेलूच्या छपराखाली नुसत्या टेपनं बांधलेला जोड. मार्चमध्ये तोच जोड २० मेगओहम दाखवतो आणि ऑगस्टमध्ये शून्याला टेकतो. नंतर पोलॅरिटी बघा: प्रत्येक स्विच फेजमध्येच तुटतो का, सॉकेटच्या उजव्या भोकात फेज आहे का. ग्राहक स्विच बंद करून होल्डरला हात घालतो तो याच विश्वासावर.

अर्थिंगबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथे जुन्या जाणत्या वायरमनचीही एक समजूत चुकलेली आहे. “अर्थिंग ५ ओहमच्या आत आलं, आता करंट लागत नाही” असं म्हणतात. गणित करून बघू. घराला ३२ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच), घराचं अर्थिंग ५ ओहम, आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग चांगलं म्हणजे २ ओहम धरू. कुलरच्या पत्र्याला फेज लागला. करंटचा रस्ता घराच्या अर्थिंगमधून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे, म्हणजे २३० भागिले ७, साधारण ३३ अ‍ॅम्पिअर. ३२ चा एमसीबी तासाभरात पडायची हमी १.४५ पट करंटला असते, म्हणजे ४६ च्या वर. झटक्यात पडायला सी कर्व्ह प्रकारच्या एमसीबीला पाच ते दहा पट, १६० ते ३२० अ‍ॅम्पिअर लागतात. ३३ अ‍ॅम्पिअरला तो हलणारही नाही. आणि तेवढा वेळ कुलरच्या पत्र्यावर ३३ गुणिले ५, म्हणजे दीडशेच्या वर व्होल्ट उभे असतात. मे महिन्यात ओल्या फरशीवर उभं राहून कुलरमध्ये पाणी टाकणाऱ्या बाईला मारायला ते पुरेसे आहेत.

म्हणून ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे थोडी जरी गळती झाली की पडणारा स्विच, बसवल्याशिवाय घर सोडू नका. त्याला पडायला पत्र्यावर धोक्याचा ५० व्होल्टचा दाब यायच्या आतच पुरेसा करंट मिळतो, अर्थिंग शेकडो ओहम असलं तरी. मात्र आरसीसीबी ओव्हरलोडपासून वाचवत नाही, एमसीबी सोबत लागतोच. ग्राहक चार दिवसांनी फोन करतो, “ते डबं सारखं पडते, काढून टाका.” काढू नका. तीनपैकी एक कारण असतं: आरसीसीबीच्या पुढे दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गेलेत, किंवा कुठे तरी न्यूट्रल अर्थला टेकलाय, किंवा एखाद्या उपकरणाची गळती खरीच आहे. पहिली दोन कारणं वायरिंग करणाऱ्याची चूक असते. बोर्डावर पंधरा मिनिटं घालवली तर सापडते.

अर्थिंग घ्यायचं ते नीट घ्या. अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ३०४३ प्रमाणे, पाइप इलेक्ट्रोड साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप. आर्णी-दारव्ह्याकडची काळी भारी जमीन ओली असताना उत्तम वाहक असते, आणि म्हणूनच ती फसवते. पावसाळ्यात घेतलेला आकडा सुंदर येतो. एप्रिलमध्ये त्याच जमिनीला हातभर भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि पाइपच्या वरच्या भागाभोवती नुसती हवा उरते. पाइप खोल न्या, तोंडाशी पाणी टाकायला फनेल ठेवा, आणि मोजणी एप्रिल-मेमध्ये करा. टेकडीवर मुरूम असेल आणि तीन फुटांवर खडक लागला तर पाइप कापून आखूड पुरणारे खूप दिसतात. त्याऐवजी थोड्या अंतरावर दुसरा पाइप घ्या आणि दोन्ही जोडा. दोघांत किमान पाइपच्या लांबीइतकं अंतर हवं, जवळ घेतले तर दुसऱ्याचा उपयोग फारसा होत नाही. नाहीतर चरात आडवी जीआय पट्टी पसरा. अर्थ टेस्टरनं मोजताना दूरचा खिळा ३० मीटरवर आणि मधला साधारण १८-१९ मीटरवर, तिन्ही एका रेषेत. मधला खिळा थोडा पुढे-मागे सरकवून पुन्हा मोजा. आकडा बदलत असेल तर दूरचा खिळा आणखी लांब न्या.

न्यूट्रल गेल्यावर अर्थिंगच्या पाइपलाच न्यूट्रल करून घर चालवणं, हे तर कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. त्या पाइपभोवतीची ओली जमीन व्होल्टेजवर चढते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर माणसाच्या पावलापेक्षा मोठं असतं, म्हणून आधी गोठ्यातलं जनावर मरतं.

शेतावरची एक गोष्ट राहिली. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला सरळ लाइन जोडून द्या असं तुम्हाला कोणीतरी सांगणारच, कदाचित जवळचा नातेवाईकच. तूर-कपाशीचं नुकसान खरं आहे, रात्रभर जागलीला जाणाऱ्याचे हाल खरे आहेत. पण त्या तारेनं आपल्या भागात माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत. त्यात जोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. शेतकऱ्याला क्षणभराचे आणि तुटक झटके देणारं प्रमाणित सोलर झटका मशीन लावून द्या, त्याचं वेगळं अर्थिंग घ्या आणि फलक लावा.

पथदिव्यांच्या कामात लायसनइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे परमिट घेणं, इथे लाइन बंद केल्याचं परमिट. दिवा ग्रामपंचायतीचा असला तरी खांब आणि तार महावितरणची असते. शाखा कार्यालयाकडून लेखी लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याचं परमिट, घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही. लाइनमनचा फोनवरचा “बंद केली, चढा” हा परवाना नाही. लाइन बंद असली तरी कुणाच्या घरचा चुकीचा जोडलेला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा करंट सोडू शकतो. म्हणून चढल्यावर आधी टेस्टर, मग सगळ्या तारा एकमेकांत शॉर्ट करून अर्थ करायच्या आणि मगच हात लावायचा. कंबरपट्टा, हातमोजे, हेल्मेट आणि खाली उभा दुसरा माणूस. तुमच्या हाताखालच्या पोरांचा विमा काढल्याशिवाय त्यांना खांबावर पाठवू नका.

सरकारी कामाला नुसती अनुज्ञप्ती पुरत नाही हेही आताच कळलेलं बरं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेची कामं घ्यायची तर तिथे ठेकेदार म्हणून वर्गवार नोंदणी वेगळी करावी लागते, महावितरणच्या कामांचे नियम वेगळे. ई-निविदेसाठी डिजिटल सही, जीएसटी क्रमांक आणि बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) लागते. बिलातून उत्पन्नकराची कपात वैयक्तिक ठेकेदाराला १ टक्का, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, आणि कंत्राट अडीच लाखांवर असेल तर जीएसटीची २ टक्के कपात. शिवाय सुरक्षा ठेव दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे कामातला दोष तुम्हीच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत अडकते. दर टाकताना हे धरलं नाही तर नफा कागदावरच राहतो. बिल मार्चअखेर निघेल हे गृहीत धरून तोवर माल आणि मजुरी स्वतःच्या खिशातून भागवता येईल एवढंच पहिलं काम घ्या. शाळेच्या चार खोल्यांची वायरिंग हे पहिल्यासाठी चांगलं माप आहे, सगळ्या गावाचे पथदिवे नाहीत.

एजंटबद्दल थोडक्यात. तो विकत असतो ते बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातल्या सुपरवायझरचं नाव, जो तुमच्या कामावर कधी येणार नाही, आणि कधी कधी खोटा अनुभव दाखला. नंतर कागद पडताळले गेले आणि खोटे निघाले तर अनुज्ञप्ती रद्द होऊ शकते, फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, आणि तो तुमच्या नावावर. अर्ज भरल्यावर मिळणारी पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा, दर आठवड्याला स्थिती बघा, त्रुटी निघाली तर मुदतीत उत्तर द्या. त्रुटीला उत्तर न दिल्यानं निकाली निघालेले अर्ज “वशिला नव्हता” म्हणून सांगितले जातात.

राहिला तुमच्या तालुक्याचा तो ठेकेदार. त्याच्याशी भांडू नका, त्याची तुम्हाला गरज आहे. वायरमन परमिट हातात आलं की त्याच्याकडे जा आणि सांगा: सहीचे पाचशे नकोत, मला तुमच्या रजिस्टरवर वायरमन म्हणून घ्या, आर्णीकडची कामं मी करतो, तुमचा सुपरवायझर येऊन मेगर लावेल तेव्हा मी सोबत असेन. पगार बँकेत घ्या, कमी असला तरी चालेल, कारण बँकेतली नोंद पुढे अनुभवाच्या दाखल्याला आधार देते. नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या, आणि अनुभवाचा दाखला दर वर्षाच्या शेवटी मागून घ्या. पाच वर्षांनी एकदम मागायला गेलात तर तोवर तुम्ही त्याचे स्पर्धक झालेले असता. तो नाही म्हणाला तर दिग्रस, पुसद, यवतमाळकडे विचारा, परमिटवाला हात सगळ्यांनाच हवा असतो. आणि परमिट येईपर्यंत नव्या मीटरचं कुणी विचारलं, तर काम लायसनवाल्या ठेकेदारालाच घेऊ द्या, त्याच्या सुपरवायझरला त्या घरी प्रत्यक्ष बोलवा, आणि सही होण्याआधी मेगरचा आकडा ग्राहकाला दाखवायला सांगा.